मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वार लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी स्टिरॉइडच्या दुष्परिणामांवर अर्धं पान आलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. साखर वाढते, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, सगळं खरं. पण चालू असलेली गोळी एकदम बंद केली तर काय होतं, याला त्या अर्ध्या पानात एका ओळीचीही जागा मिळाली नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. कापायचंच झालं तर मेथोट्रेक्सेट या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचा भाग तेवढा ठेवा.

मी इचलकरंजीत औषधांचं दुकान चालवते. शिक्षण बी. फार्म. आणि काही वर्षांपासून सारकॉइडोसिस या, अवयवांत बारीक गाठी होणाऱ्या आजाराची पेशंट. म्हणजे काउंटरच्या आतली बाजूही माहीत आहे आणि बाहेरचीही.

तो लेख आला त्या आठवड्यात सायझिंगमध्ये काम करणारे एक अण्णा कात्रण खिशात घालून दुकानात आले. त्यांनाही माझाच आजार आहे, आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू होऊन चार-पाच महिने झालेले. म्हणाले, "वैनी, पेपरात आलंय बघा. परवापासनं बंदच केल्या मी त्या गोळ्या. अंगात कायच न्हाई, सकाळी उठलं की गरगरतंय." मी त्यांना बाकड्यावर बसवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिथेच गोळी घ्यायला लावली. प्रेडनिसोलोन तीन-चार आठवड्यांच्या वर पोटात जात राहिली की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. बाहेरून येणारं अचानक थांबलं तर त्या लगेच कामाला लागत नाहीत. रक्तदाब उतरतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडतो. स्टिरॉइडची भीती आपल्याकडे २०२१ पासून जास्तच बसली आहे, आणि तिला कारणही आहे. करोनानंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे काढावे लागले ते आपण पाहिलं. वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टिरॉइड, दोन्हींचा त्यात वाटा होता. पण त्या भीतीपोटी हिशेबाने दिलेली गोळी कुणी मधेच सोडू नये.

आजाराबद्दल थोडक्यात. शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र जमून बारीक गाठी तयार करतात. बहुतेकदा फुफ्फुसात आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत, पण डोळे, कातडी, यकृत, हृदय, मेंदू, कुठेही. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. हा कॅन्सर नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण माझ्या सासूबाईंनी सुरुवातीला माझं ताट-वाटी बाजूला काढली होती.

ती का काढली तेही सांगते. छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी टीबी येतो, आणि एवढा टीबी असलेल्या देशात तो येणारच. मला एका दवाखान्यात गाठीचा नमुना न घेताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. खोकला तसाच राहिला, वर लघवी लाल आणि तोंडाची चव गेली. नंतर पुण्यात दुर्बिणीतून, श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडच्या गाठीत सुई घालून नमुना काढला. या तपासणीला एबस म्हणतात. नमुन्यात गाठींची रचना सारकॉइडोसिसची निघाली, टीबीचे जंतू सापडले नाहीत, सीबीनॅट ही टीबीची तपासणीही निगेटिव्ह आली. मी कुणावर राग धरून बसलेली नाही. पण उलटी चूक आणखी महाग पडते. टीबी असताना सारकॉइडोसिस समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरतो. तेव्हा नमुना तपासायचा आग्रह दोन्ही बाजूंनी हवा. नुसत्या रक्तातल्या एसीई या तपासणीवर निदान होत नाही. ती इतर आजारांतही वाढते, आणि सारकॉइडोसिस असूनही नॉर्मल येऊ शकते.

निदान झाल्यावर मला वाटलं, आता औषधांची यादी येणार. डॉक्टर म्हणाले, "सध्या फक्त डोळ्यांचे थेंब. छातीसाठी काही नको, तीन महिन्यांनी भेटा." माझे यजमान रस्ताभर धुसफुसत होते की एवढा खर्च करून औषधच दिलं नाही! पण या आजारात पहिला प्रश्न "कुठलं औषध" हा नसतोच, "औषध हवं का" हा असतो. पुष्कळ रोग्यांच्या गाठी दोन-तीन वर्षांत आपोआप विरतात. ताप, सुजलेले घोटे आणि नडगीवर दुखणाऱ्या लाल गाठी अशी एकदम सुरुवात झालेल्यांचं तर बहुधा चांगलंच होतं. त्यांना वेदनाशामक आणि विश्रांती बऱ्याचदा पुरते. एक्स-रेत गाठी दिसतात पण माणूस जिना चढतो, खोकत नाही, फुंकर मारायच्या तपासणीत फुफ्फुसं नीट चालतात, तर प्रेडनिसोलोन सुरू करून फायद्यापेक्षा तोटाच पदरात पडतो.

औषध लागतं ते त्रास होतो तेव्हा, किंवा एखादा अवयव धोक्यात असतो तेव्हा. दम लागतो, फुफ्फुसाची क्षमता उतरत जाते. डोळा लाल होऊन धूसर दिसतं. हृदयाच्या विजेच्या वाटेत गाठ बसते, ठोके चुकतात, माणूस अचानक कोसळतो. मेंदू किंवा मज्जातंतूंवर परिणाम होतो, चेहरा वाकडा होतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. हृदय आणि मेंदूच्या बाबतीत वाट बघत बसायचं नसतं. म्हणून निदान होताच एक साधा ईसीजी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक फेरी प्रत्येकाची व्हायला हवी, डोळ्याला काही होत नसलं तरी.

माझी वेळ पुढच्या पावसाळ्यात आली. दुकानाच्या माळ्यावरून खोकी उतरवताना मधेच बसावं लागायला लागलं. प्रेडनिसोलोन सुरू झाली, रोज २० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. पूर्वी ४० ने सुरुवात करायची पद्धत सर्रास होती. पण चंडीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात ८६ रोग्यांवर दोन्ही मात्रा ताडून पाहिल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांची मात्रा सहा महिन्यांत उतरवत नेली होती. दीड वर्षाच्या शेवटी आजार उलटण्यात किंवा औषध निकामी ठरण्यात ४० वाल्यांना काही जास्त लाभ दिसला नाही. हा अभ्यास आपल्याच देशातल्या, आपल्याच अंगकाठीच्या लोकांवर झालेला आहे, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. अर्थात तो फुफ्फुसाच्या आजाराचा हिशेब आहे. हृदयात किंवा मेंदूत गाठी असतील तर मात्रा वेगळी, तिथे २० चा हट्ट धरू नये.

गोळीने गुण आला, झपाट्याने आला. पहिल्या पंधरवड्यातच खोकला बसला. आणि भूक! रात्री साडेअकराला उठून मी पोह्यांचा डबा उघडत होते. झोप नाही, चिडचिड, उपाशीपोटीची साखर चढलेली. कपड्यांनी सांगितलं वजनाचं, काट्यावर उभं राहायची गरज पडली नाही. मग मात्रा उतरवत आणायचं काम सुरू झालं, आणि १० च्या खाली गेलं की खोकला परत. पुन्हा चढवायची, पुन्हा उतरवायची. सारकॉइडोसिसच्या पुष्कळ रोग्यांची गाडी याच वळणावर अडकते, आणि इथेच काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. माणूस जुनी चिठ्ठी घेऊन येतो, "मागच्यासारखंच द्या" म्हणतो. चिठ्ठीवर २० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात त्याने आता साडेसातवर यायला हवं होतं. कुणी विचारलंच नाही तर तो वर्षभर २० घेत राहतो. माझ्या डॉक्टरांनी कागदावर तारखा घालून कोष्टक करून दिलं होतं: या तारखेपासून १५, या तारखेपासून १२.५. एवढं एक कोष्टक प्रत्येक रोग्याच्या हातात मिळालं तर आम्हा दुकानदारांनाही कळेल की समोरची चिठ्ठी आजची की गेल्या दिवाळीची.

आता मेथोट्रेक्सेट. स्टिरॉइड कमी होईना म्हणून मला ते जोडलं, आधी आठवड्याला १०, मग १५ मिलिग्रॅम. बरेच लोक घाबरतात, कारण इंटरनेटवर नाव टाकलं की कॅन्सरचं औषध म्हणून येतं. कॅन्सरमध्ये मात्रा पुष्कळ मोठी असते. संधिवातात आणि सारकॉइडोसिसमध्ये ती थोडीशी, आणि आठवड्यातून एकदाच. नेदरलँड्समधल्या १७ रुग्णालयांनी मिळून १३८ रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये आला. फुफ्फुसाच्या सारकॉइडोसिसमध्ये पहिलं औषध म्हणून निम्म्यांना प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड), निम्म्यांना मेथोट्रेक्सेट. २४ आठवड्यांनी फुफ्फुसाच्या क्षमतेतली सुधारणा प्रेडनिसोनच्या गटात ६.७५ टक्के-अंश, मेथोट्रेक्सेटच्या गटात ६.११. म्हणजे मेथोट्रेक्सेट मागे पडलं नाही. गुण यायला मात्र ते जास्त वेळ घेतं. त्रासही दोन्हींचे वेगळे: एकीकडे वजन, भूक आणि निद्रानाश, दुसरीकडे मळमळ, थकवा आणि यकृताच्या तपासण्यांत चढउतार. ज्याला आधीच मधुमेह आहे किंवा वजन जास्त आहे, त्याने "मला पहिल्यापासूनच मेथोट्रेक्सेट चालेल का" असं डॉक्टरांना विचारायला आता भक्कम आधार आहे. आपल्याकडे किती मध्यमवयीन माणसं त्यात बसतील ते सांगायला नको.

पण हे औषध आपल्या पाकिटात बसत नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. औषध दुकानात मिळणाऱ्या छोट्या कागदी पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने असतात. आम्ही तिथे १-०-१ लिहितो किंवा पेनाने रेघ मारतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईंनाही ती खूण कळते. आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळीला त्या पाकिटावर जागाच नाही. चिठ्ठीवर डॉक्टर इंग्रजीत एक आखूड खूण करतात, दुकानातला नवा पोरगा सवयीने "रात्री १" असं लिहून देतो, आणि घरी जाऊन माणूस रोज रात्री एक गोळी घेतो. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर आठ-दहा दिवसांत तोंड फोडांनी भरतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) घसरतात, आणि माणूस दगावू शकतो. हे काल्पनिक भय नाही. या एका चुकीने जगभर माणसं गेली आहेत.

मी माझ्या दुकानात ही गोळी देताना पाकिटावर लाल शाईने लिहिते: "आठवड्यातून एकदाच. फक्त रविवार." वार रोग्यालाच निवडायला लावते. कुणी गुरुवार घेतो, दत्ताचा वार म्हणून लक्षात राहतो. सोमवार कुणाला सुचवत नाही, घाईच्या वारी गोळी विसरते. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या वारी. एका वेळी चार आठवड्यांच्यापेक्षा जास्त गोळ्या देत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. आणि पुढची पट्टी देण्याआधी रक्ताचा रिपोर्ट विचारते: पेशी, यकृत, क्रिएटिनिन. सुरुवातीला या तपासण्या लवकर लवकर, नंतर साधारण तीन महिन्यांनी लागतात. "वैनी, तुम्ही डॉक्टर हाय काय?" असं ऐकावं लागतं. लागू दे.

आणखी दोन गोष्टी याच औषधाच्या. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी सेप्ट्रानसारखी कोट्रायमॉक्सॅझोलची गोळी लोक सहज मागून नेतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना ती घातक आहे, दोन्ही मिळून अस्थिमज्जेवर घाला घालतात. दुसरी गोष्ट, मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या स्त्रीला हे औषध चालत नाही. गर्भावर परिणाम होतो. तरुण सुनांना ही गोष्ट सासू-नवऱ्यादेखत विचारायची सोय नसते, म्हणून मी दुकान रिकामं असताना हळूच विचारते. दारूबद्दल लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळतं, बाकीच्यांचं यकृत रिपोर्टमध्ये सांगतं.

स्टिरॉइड चालू असलेल्यांची हाडं जपायला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात, ते इतर आजारांत योग्यच. सारकॉइडोसिसमध्ये मात्र इथे फसगत होते. या आजारातल्या गाठी ड जीवनसत्त्वाचं रूपांतर त्याच्या काम करणाऱ्या, जोरकस रूपात स्वतःच करतात, शरीराचा लगाम न जुमानता. रक्तात कॅल्शियम वाढतं, लघवीतून जातं, मुतखडे होतात, मूत्रपिंड बिघडतं. आणि गंमत अशी की नेहमीच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी दिसतं, कारण तिथे साठ्याचं रूप मोजलेलं असतं, काम करणारं नव्हे. कमी आकडा बघून माणूस साठ हजार युनिटची सॅशे आठवड्याला दुधातून घ्यायला लागतो. ही सॅशे आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांची रांग असते. पाठदुखी, थकवा, केस गळणं, कशालाही. सारकॉइडोसिस असेल तर ती घेण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची दोन्ही रूपं तपासलेली हवीत. उन्हाळ्यात तर जास्तच सांभाळायचं, कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व बनतंच. एका बाईंना सतत तहान, बद्धकोष्ठ, गुंगल्यासारखं होत होतं. घरच्यांना वाटलं उन्हाने. कॅल्शियम तपासायला सांगितलं तर ते भलतंच वाढलेलं निघालं, आणि पर्समध्ये सॅशेचं खोकं.

इतर औषधांबद्दल फार लिहीत नाही. ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड ही मेथोट्रेक्सेट न सोसणाऱ्यांसाठी. कातडीवरच्या चट्ट्यांसाठी आणि वाढलेल्या कॅल्शियमसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, तेच करोनात गाजलेलं. ते वर्षानुवर्षं घेताना डोळ्याचा पडदा तपासत राहावा लागतो. या सगळ्यांनाही न जुमानणाऱ्या आजाराला इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅबची इंजेक्शनं. ॲडालिमुमॅबची देशी आवृत्ती अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये बाजारात आणल्यापासून ती थोडी आवाक्यात आली, तरी यंत्रमाग कामगाराच्या पगारात बसत नाहीत. ही इंजेक्शनं अंगात झोपलेला टीबी जागा करतात, म्हणून आधी त्याची तपासणी झाल्याशिवाय पहिली सुई टोचून घेऊ नये. आणि त्याच कुळातलं एटानरसेप्ट संधिवातात चालतं, फुफ्फुसाच्या सारकॉइडोसिसमध्ये ते चाललं नाही. स्वस्त मिळतंय म्हणून अदलाबदल करायची नसते.

खर्चाचं एवढंच सांगते. प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेट या गोळ्या महाग नाहीत. महाग आहेत त्या तपासण्या आणि फेऱ्या. टीबीच्या रोग्याला औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, निक्षय योजनेतून पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, आणि ते योग्यच आहे. सारकॉइडोसिसच्या रोग्याला दाखल न होता महिनोन् महिने बाह्यरुग्ण विभागात उपचार घ्यायचे असतात, आणि आपल्या सरकारी विमा योजना प्रामुख्याने दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. बहुतेक खासगी विम्यांचंही तेच. सहा महिन्यांनी फुफ्फुसाची तपासणी करायला सांगितली की माणूस "बरं वाटतंय की आता" म्हणून ती टाळतो, ते यामुळे.

एक गोष्ट मात्र गोळीने जात नाही, ती म्हणजे थकवा. एक्स-रे सुधारतो, खोकला जातो, रिपोर्ट छान येतात, आणि दुपारी तीनला अंग गळून पडतं. घरचे म्हणतात, आता तर बरी झालीस. त्यासाठी स्टिरॉइड वाढवून उपयोग होत नाही, साखर तेवढी वाढते. थोडा थोडा चालण्याचा आणि श्वासाचा व्यायाम, तोही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, याने मला फरक पडला. अजूनही पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन येते तेव्हा वाटेत एकदा बसते.

आता मागणं. आमच्या केमिस्ट संघटनांनी पाकिटं छापून घेताना एका कोपऱ्यात सात वारांची सात चौकटं छापावीत. शाई तेवढीच लागते. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर वार मराठीत, पूर्ण लिहावा, आणि प्रेडनिसोलोनच्या चिठ्ठीवर पुढची मात्रा कधी आणि किती ते. आणि आपण, संपादक महोदय, स्टिरॉइडवरच्या लेखाची पुरवणी म्हणून पुढच्या अंकात एक चौकट छापा: महिनाभर किंवा जास्त स्टिरॉइड घेणाऱ्याने ते स्वतःहून बंद करू नये. ताप, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी "मी स्टिरॉइडवर आहे" हे समोरच्या डॉक्टरांना आधी सांगावं. तसं लिहिलेली चिठ्ठी खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवावी. चौकट पहिल्या लेखाएवढ्याच ठळक अक्षरांत असावी, कारण कात्रणं कापून खिशात ठेवणारे वाचक अजून आहेत.

नाव छापू नये ही विनंती. आमच्याकडे औषधांची दुकानं एकाच रस्त्यावर आहेत, आणि गिऱ्हाईक आपल्या औषधवाल्या बाईला आजारी समजलं की पुढच्या दुकानात जातं.

आपली,
एक औषध दुकानदार वाचक,
इचलकरंजी